बदललेल्या मोटारसायकलीचा सूर

तंबोऱ्यास नव्या तारा चढविल्या म्हणजे तो पुन्हां लावावा लागतो, हें गाण्याची आवड असलेल्या घरांत सर्वांस ठाऊक असतें. मोटारसायकलीच्या इंजिनाचेंहि तसेंच आहे. विद्यार्थिमित्रांपैकीं कित्येकांस फटफटीचा नाद आहे. थोरल्या भावाच्या गाडीस नवा सायलेन्सर किंवा मोकळा एअर फिल्टर बसविलेला त्यांनीं पाहिला असेल. असे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारांत पैसे टाकतांच मिळतात; पण ते बसविल्यावर इंजिनाचा सूर नीट लावून देणारा जाणता कारागीर मात्र पैसे टाकूनहि सहज मिळत नाहीं. तो कसा ओळखावा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम सूर बिघडतो कां, हें पाहूं. पेट्रोल पूर्णपणें जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. पूर्ण शक्ति हवी असतां मिश्रण याहून थोडें दाट, म्हणजे एक भाग पेट्रोलास साडेबारा ते तेरा भाग हवा, असें ठेवितात. कारखान्यांतून गाडी बाहेर पडते तेव्हां तिच्या मूळच्या फिल्टरास व सायलेन्सरास धरून हें प्रमाण बसविलेलें असतें. जुन्या ३४६ सी.सी. बुलेटचें उदाहरण घ्या. मिनिटास ४,८०० फेरे या गतीनें तिचें इंजिन फिरत असतां तें सेकंदास ४० वेळां हवा आंत ओढतें. हवेची वाट मोकळी केली आणि पेट्रोल त्या मानानें वाढविलें नाहीं, तर या प्रत्येक घोटांत मिश्रण पातळ होतें. पातळ मिश्रणानें इंजिन फाजील तापतें, ठोके देऊं लागतें, आणि तसेंच दामटल्यास पिस्टनच्या माथ्यास भोंक पडण्यापर्यंत पाळी येते. उलट मिश्रण फार दाट झालें, तर प्लगवर काजळी धरते व न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढून रिंगा झिजवितें. हे दोन्ही दोष आरंभीं बाहेरून दिसत नाहींत. आवाज दमदार येतो, आणि मालकास वाटतें कीं गाडी सुधारली!

एक स्क्रू पिळून हें काम भागत नाहीं. कार्ब्युरेटरमध्यें कामाची वांटणी असते: मूठ थोडी पिळली असतां मुख्यतः पायलट जेट, मधल्या टप्प्यांत सुई, आणि पूर्ण पिळल्यावर मेन जेट पेट्रोलचें मान ठरवितें. जो मिस्त्री उभ्या गाडीस नुसता कान लावून स्क्रू फिरवितो, त्यानें पहिल्या टप्प्याचाच विचार केला असें समजावें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला. त्यांत किती पेट्रोल सोडावयाचें हें छोट्या संगणकांतील कोष्टक ठरवितें. आडव्या ओळींत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळींत मुठीची पीळ, व प्रत्येक घरांत पेट्रोलचें मान, असें तें कोष्टक असतें. त्यांतील एक घर सुधारून शेजारचीं तशींच ठेवणें याला ट्यूनिंग म्हणतां येत नाहीं.

जाणता कारागीर हातीं पाना घेण्यापूर्वीं प्रश्न विचारतो: काय काय बदललें आहे? गाडी कोणत्या रस्त्यांवर चालते? हा दुसरा प्रश्न व्यर्थ नव्हे. मुंबईस बरोबर बसविलेला कार्ब्युरेटर सुमारें १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरीं दाट मिश्रण देतो, कारण तेथील हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षां सुमारें आठव्या हिश्श्यानें विरळ असते. नंतर तो इंजिनाची प्रकृति पाहतो: कॉम्प्रेशन पुरेसें आहे काय, व्हॉल्व्हचें अंतर बरोबर आहे काय, सांध्यांतून हवा शिरते काय. आजारी इंजिनाचें ट्यूनिंग करणें म्हणजे भेगाळलेल्या भोपळ्याच्या तंबोऱ्याच्या खुंट्या पिळीत बसणें होय. पुढें तो मापन करितो. धुरांतील प्राणवायु मोजणारा लॅम्डा सेन्सर मिश्रणाचें प्रमाण दाखवितो. मागचें चाक रुळावर फिरवून शक्ति मोजणारें डायनो यंत्र कामापूर्वींचा व नंतरचा आलेख काढून देतें. हीं साधनें नसलीं तरी पूर्ण वेगांत इंजिन बंद करून प्लगचा रंग वाचण्याची जुनी पद्धत आहे; तीहि सुरक्षित मोकळ्या जागीं व जाणत्या हातानेंच करावी. सर्वांत मोठी खूण ही कीं, तो एका वेळीं एकच बदल करितो, तो लिहून ठेवितो, आणि मूळचे जेट किंवा मूळच्या कोष्टकाची प्रत मालकास परत देतो.

दुसरीहि एक खूण पालकांनीं ध्यानांत ठेवावी. खरा कारागीर कांहीं कामांस नकार देतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. कर्कश सायलेन्सरास दंडहि होतो. वेग वाढला परंतु ब्रेक व टायर जुनेच राहिले, तर वाढलेली शक्ति मुलाच्या जिवावर बेतते, हें तो गिऱ्हाइकास स्पष्ट सांगतो. "काय वाटेल तें करून देतों" असें म्हणणाऱ्यापासून चार पावलें दूर राहणेंच बरें.

असा मनुष्य दुकानाच्या पाटीवरून सांपडत नाहीं. ज्याची गाडी त्याच्या हातून जाऊन वर्ष लोटलें असेल, अशा मालकास गांठावें. गाडी आतां थंडीच्या सकाळीं कशी सुरू होते, घाटांत तापते काय, पेट्रोल किती पिते, हें विचारावें. कारागिराची वही पाहण्यास मागावी. जो ती आनंदानें उघडून दाखवील, त्याच्या हातीं गाडी निर्धास्त द्यावी. आणि ज्या विद्यार्थ्यास या विद्येची गोडी असेल, त्यानें सुटींत अशाच मनुष्याच्या हाताखालीं बसून काम पाहावें. मोजणें, लिहिणें व एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहणें ही संवय तेथें लागली, तर ती प्रयोगशाळेंतहि उपयोगीं पडेल.