बालन्यायव्यवस्थेतील पीडितांचे हक्क

अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेल्या गुन्ह्यामुळे ज्यास शारीरिक, मानसिक वा आर्थिक हानी पोहोचते, त्याचे त्या प्रकरणात माहिती मिळणे, म्हणणे मांडणे, संरक्षण व भरपाई यांविषयीचे हक्क.

१८९९ मध्ये शिकागो येथे स्थापन झालेल्या बालन्यायालयामागे राज्यसंस्था ही बालकाची पालक होय, हे तत्त्व होते. त्यामुळे खटल्याऐवजी चौकशी व शिक्षेऐवजी सुधारणा आली. कामकाज गोपनीय झाले. मुंबईच्या १९२४ च्या बालक अधिनियमापासून भारतातही हीच दिशा राहिली. मात्र राज्य आणि बालक यांच्या या संबंधात पीडित केवळ साक्षीदार उरला. वस्तुतः दोहोंच्या हितांत अपरिहार्य विरोध नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालन्यायाचे बीजिंग नियम व पीडितांविषयीचा जाहीरनामा हे दोन्ही २९ नोव्हेंबर १९८५ रोजी, लागोपाठच्या ठरावांनी स्वीकारले.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात अल्पवयीन आरोपीस विशेष गृहात कमाल तीन वर्षे ठेवण्याचा आदेश झाला आणि हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. त्यानंतर झालेल्या बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार सोळा वर्षे पूर्ण केलेल्या बालकाने निर्घृण अपराध केल्याचा आरोप असल्यास प्राथमिक मूल्यनिर्धारणानंतर त्याचे प्रकरण बालक न्यायालयाकडे जाऊ शकते. चर्चा झाली ती प्रामुख्याने या तरतुदीची. परंतु कठोर शिक्षा म्हणजे पीडिताचा हक्क नव्हे. त्या दृष्टीने कलम ९९ अधिक मोलाचे आहे. अहवाल गोपनीय ठरविणाऱ्या याच कलमात पीडितास आपल्या प्रकरणाचे अभिलेख, आदेश व संबंधित कागदपत्रे नाकारता येणार नाहीत, असे म्हटले आहे. कलम ७४ अन्वये विधिसंघर्षग्रस्त बालकाप्रमाणेच पीडित बालकाचीही ओळख उघड करण्यास मनाई आहे. पीडितही पुष्कळदा अल्पवयीन असतो, म्हणून ही तरतूद महत्त्वाची ठरते.

उणिवाही ठळक आहेत. जामिनाविषयीच्या कलम १२ मध्ये पीडिताचा उल्लेख नाही. सर्वसाधारण फौजदारी प्रक्रियेत २००९ च्या अखेरीपासून पीडितास निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करता येते. बाल न्याय मंडळाने निर्दोष ठरविल्यास मात्र, सोळा वर्षांवरील बालकाचा निर्घृण अपराध वगळता, अपील नाही. उच्च न्यायालयाच्या पुनरीक्षणाचा मार्ग तेवढा उरतो. मंडळ बालकास वा पालकांस दंड करू शकते; तथापि तो पीडितास द्यावा, असे कलम १८ सांगत नाही. यामुळे शासकीय भरपाई योजनेचा आधार घ्यावा लागतो. २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेली व २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये असलेली ही तरतूद दोषसिद्धीवर अवलंबून नाही. आरोपीचा शोध लागला नाही तरी भरपाईचा अर्ज करता येतो. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे.

न्यूझीलंडच्या १९८९ च्या कायद्याने निराळी वाट धरली. तेथील कुटुंब-परिषदेत बालक, त्याचे नातेवाईक व पोलीस यांच्यासह पीडितासही उपस्थित राहण्याचा हक्क आहे. तो प्रतिनिधीही पाठवू शकतो. क्षमायाचना, नुकसानीची भरपाई वा श्रमकार्य यांविषयीचा निर्णय तेथे चर्चेने होतो. अर्थात उपस्थितीची सक्ती पीडितावर नाही, आणि लैंगिक अत्याचारासारख्या प्रकरणांत ती असूही नये.