पस्तिशीत नवा खुबा

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर खरेदीच्या गर्दीतून चालताना पस्तिशीतच खुब्यात कळ आली, तर दुखणं अंगावर काढू नये.

खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटला की हाड मरतं, गोल खचतो. स्टेरॉइड आणि दारू ही त्याची मोठी कारणं. २०२१मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी कोविडनंतर असा त्रास झालेले तीन रुग्ण नोंदवले.

गोल फार खचला तर खुब्याचा सांधा बदलतात. त्यानंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. काही आठवडे मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद, कमोड लागतोच.

टेनिसपटू अँडी मरेने जानेवारी २०१९मध्ये खुब्याच्या गोलावर धातूची टोपी बसवून घेतली आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकली. तरीही तरुण रुग्णाला आयुष्यात दुसऱ्यांदा सांधा बदलावा लागू शकतो.