माझे 'रोलेक्स'

माणसाला कोणत्या वयात कसली हौस सुटेल याचा नेम नाही. वीस वर्षे इमानेइतबारे मराठी शिकवल्यावर आणि गृहकर्जाचे हप्ते कसेबसे निम्म्यावर आणल्यावर मला एकाएकी रोलेक्सचे घड्याळ बांधावेसे वाटू लागले! निमित्त होते आमच्या बी.ए.च्या वर्गाच्या स्नेहसंमेलनाचे. पंचवीस वर्षांनी सगळे मुंबईत जमणार होते. कोणी अमेरिकेहून येणार, कोणी बँकेत मोठ्या हुद्द्यावर, कोणाचा स्वतःचा कारखाना. माझ्यापाशी होते ते वडिलांचे एचएमटी 'जनता'. साधी तबकडी, रोज सकाळी किल्ली द्यायची. ते बांधून गेलो तर 'मास्तर अजून होते तिथेच आहेत,' असे लोक म्हणतील, ही धास्ती.

अस्सल रोलेक्सची किंमत लाखांत. प्राध्यापकाने ती नुसती ऐकायची आणि पुढच्या दुकानाकडे वळायचे. पण मुंबईच्या एका गजबजलेल्या बाजारात, मोबाइलच्या कव्हरांच्या ढिगाशेजारी, मला ते बावीसशेला भेटले. काळी तबकडी, वर पाच टोकांचा मुकुट, सगळे हुबेहूब.

"फर्स्ट कॉपी आहे साहेब," विक्रेता म्हणाला, "घड्याळजीसुद्धा फसेल!"

अठराशेला सौदा पटला. असा माल विकणाऱ्याला १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला ठाऊक होते. पण तो विकणाऱ्याचा प्रश्न, अशी मी मनाची समजूत घातली. मनाला अशा समजुती घालण्यात आम्ही मध्यमवर्गीय फार वाकबगार.

घरी आल्यावर सौ.ने विचारले, "अहो, केवढ्याला?"

"अठराशे."

"म्हणजे खोटं आहे."

"खोटं नव्हे, नक्कल."

"तेच ते," असे म्हणून ती कणीक मळायला गेली. भाषेचा प्राध्यापक एका शब्दाने निरुत्तर झाला.

घड्याळ घेतल्यावर मी त्या घराण्याची माहिती वाचली. हान्स विल्सडॉर्फ नावाच्या गृहस्थाने १९०५ साली लंडनमध्ये घड्याळांचा व्यापार सुरू केला आणि १९०८ साली 'रोलेक्स' हे नाव नोंदवले. १९२६ साली पाणी आत न शिरणारे 'ऑयस्टर' घड्याळ निघाले. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइत्झ ही जलतरणपटू इंग्लिश खाडीत उतरली, तेव्हा ते तिच्याजवळ होते. थंडीमुळे तिला त्या खेपेस खाडी ओलांडता आली नाही. पण दहा तासांहून अधिक वेळ पाण्यात राहून घड्याळ मात्र चालूच होते.

अस्सलाची खूण सेकंदकाट्यात असते, हेही मला तेव्हाच कळले. यंत्रावर चालणाऱ्या रोलेक्सचा काटा सेकंदाला अनेक बारीक पावले टाकतो, त्यामुळे तो सरकत गेल्यासारखा दिसतो. माझ्या घड्याळातला काटा, आत बॅटरी असल्यामुळे, दर सेकंदाला टुणकन उडी मारीत होता. म्हणून संमेलनात मी हात सारखा हलता ठेवायचे ठरवले.

युक्ती साधली. कारखानदार मित्राने माझे मनगट हातात घेऊन म्हटले, "वा, मास्तर!" मी नुसता हसलो. "गेल्या महिन्यात घेतलं," एवढेच म्हणालो. वाक्य खरे होते, अर्थ खोटा होता.

जेवणानंतर आमच्यातला एकजण वही घेऊन आला. आमच्या वर्गातल्या एका मित्राची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होते आणि घर त्यापायी खंगत चालले होते. त्याच्यासाठी हा वर्गणी जमवीत होता. त्याची नजर माझ्या मनगटावर गेली.

"तुझ्या नावावर पन्नास हजार धरतो रे."

मी कसाबसा म्हणालो, "पाच लिही."

त्याने पाच हजार लिहिले. पुन्हा एकदा घड्याळाकडे पाहिले. "ठीक आहे," म्हणाला आणि पुढे गेला.

'हे खोटे आहे,' एवढे तीन शब्द पुरे होते. पण कारखानदार शेजारीच उभा होता. गरीब दिसण्यापेक्षा मी चिक्कू ठरणे पत्करले. हात धुताना पाहिले, तर घड्याळाच्या काचेआड बाष्प धरले होते. ग्लाइत्झबाईंचे घड्याळ खाडीत तगले; माझे नळाखाली घामाघूम झाले.

डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभ्याने मी विचार करीत होतो. जुन्या पोथ्या उतरवून घेणारा लेखनिक पुष्कळदा अखेरीस आपले नाव आणि तिथी लिहून ठेवी. नक्कल करण्यात कमीपणा नव्हता. ती कोणी केली हे तो सांगत होता. मी नेमके तेवढेच गिळले होते.

रात्री सौ.ला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग आत्ताच फोन करा."

केला. "अरे, ते घड्याळ खोटं आहे. अठराशेचं."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग तो हळूच म्हणाला, "मग पाच हजार पुष्कळच दिलेस की रे."

मला पुढे बोलवेना.

ते घड्याळ आता कपाटात पडून आहे. दुसऱ्याला द्यावे, तर आपले खोटे त्याच्या मनगटावर बांधल्यासारखे होईल. मी पुन्हा 'जनता' बांधतो. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे करायला घेतली. विद्या दुसऱ्याची होती; पण तबकडीवर नाव आपले घातले. तो घड्याळांचा कारभार बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. वडिलांचे घड्याळ मात्र किल्ली दिली की चालते. दिवसाला दोनेक मिनिटे मागे पडते, एवढेच. वर्गात मुले वेळ विचारतात, तेव्हा मी दोन मिनिटे मिळवून सांगतो. आणि दोन मिनिटे मिळवली आहेत, हेही सांगतो.