मानेतील गाठीचे आकारमान व मुखकर्काची अवस्था

पायात काटा रुतून चिघळला म्हणजे जांघेत अवधाण येते, हे कापसाच्या शेतात राबणाऱ्यास शिकवावे लागत नाही. मुखातील कर्कव्रणामुळे मानेत येणारी गाठही लसिकेच्याच वाटेने येते. भेद एवढाच की, अवधाण दुखते. ही गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

जळगाव व धुळे जिल्ह्यांत चुना लावून मळलेली तंबाखू गाल आणि खालची हिरडी यांमधील खाचेत धरून ठेवण्याची सवय जुनी आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी ही सवय त्या बंदीच्या कक्षेबाहेरच राहिली. त्या खाचेत उद्भवलेल्या कर्काच्या पेशी प्रथम जबड्याखालील व मानेच्या वरच्या भागातील लसिकाग्रंथींत अडकतात.

फ्रेंच शल्यविशारद पिएर दन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात सिद्ध केलेल्या अवस्थानिश्चितीच्या पद्धतीत या ग्रंथींना स्वतंत्र स्थान आहे. मुखकर्काच्या बाबतीत त्याच बाजूची एकच गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत असेल तर ती पहिल्या वर्गात. ३ ते ६ सेंटिमीटरची, किंवा ६ सेंटिमीटरपर्यंतच्या अनेक अथवा विरुद्ध बाजूच्या गाठी असतील तर दुसऱ्या वर्गात. त्याहून मोठी तिसऱ्या वर्गात. मूळ व्रण नखाएवढा असला तरी पहिल्या वर्गातील गाठीने रोग तिसऱ्या अवस्थेत जातो, दुसऱ्या वर्गातील गाठीने चौथ्या. २०१८ च्या आरंभापासून अमलात आलेल्या आठव्या आवृत्तीने आणखी एक कसोटी घातली. गाठ कवच भेदून त्वचेस वा स्नायूस चिकटल्याचे तपासणीत स्पष्ट दिसल्यास, ती लहान असली तरी तिसऱ्या वर्गात गणली जाते.

परंतु मोजपट्टीवर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे होय. चित्रणात सुमारे १ सेंटिमीटरहून अधिक आखूड व्यास संशयास्पद मानतात. तथापि त्याहून लहान ग्रंथीतही कर्कपेशी असू शकतात, आणि किडलेल्या दाढेमुळे किंवा गंडमाळेमुळे मोठी ग्रंथीही कर्करहित असू शकते. क्षयरोग जेथे नित्य आढळतो तेथे मानेची प्रत्येक गाठ गंडमाळाच समजून, तोंड उघडून न पाहता औषधे सुरू केली, तर मोलाचे महिने हातचे जातात. सुईने पेशी काढून पाहण्यास शस्त्रक्रियागृह लागत नाही.

हाताला गाठ लागतच नसेल तर काय करावे, हा प्रश्न मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने हाती घेतला. प्रारंभिक मुखकर्काच्या ५०० रुग्णांवरील त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मूळ व्रणाबरोबरच मानेतील ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ उद्भवेपर्यंत वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. खानदेशातून मुंबईस वारंवार तपासणीसाठी येणे ज्यास परवडत नाही, त्याच्या दृष्टीने या अंतरास विशेष अर्थ आहे. त्याला धुळ्याहून वा जळगावहून पुढे पाठविताना चिठ्ठीत नुसते ‘मानेत गाठ’ न लिहिता तिची बाजू, सेंटिमीटरमधील माप आणि ती हलते की चिकटलेली आहे, एवढे नोंदविण्यास दोन मिनिटे पुरतात.