रणजी विजेता कसा ठरावा : गुणतक्त्यावर की बाद फेरीत?

म्हैसूर शहरातून हुणसूर मार्गाने हिनकलकडे निघाले, की मानसगंगोत्री हा म्हैसूर विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर लागतो. या परिसरातील गंगोत्री ग्लेड्स मैदानावर ११ ते १४ जानेवारी २०१० दरम्यान रणजी करंडक स्पर्धेचा अंतिम सामना खेळला गेला. मुंबईने कर्नाटकापुढे विजयासाठी ३३८ धावांचे लक्ष्य ठेवले होते. मनीष पांडेच्या १४४ धावा आणि गणेश सतीशसोबतची त्याची २०९ धावांची भागीदारी यांमुळे कर्नाटकाचा संघ विजयाच्या उंबरठ्यावर आला. मात्र अजित आगरकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकाचा डाव ३३१ धावांत संपवला. मुंबईने अवघ्या सहा धावांनी सामना जिंकून ३९ व्यांदा रणजी करंडक पटकावला.

देशांतर्गत क्रिकेटमधील सर्वांत रंगतदार अंतिम सामन्यांत या लढतीची गणना होते. तरीही तिने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला. अनेक आठवडे चाललेल्या मोसमाचा निकाल सहा धावांच्या फरकावर लागावा का? देशातील सर्वोत्तम संघ मोसमभराच्या कामगिरीवरून, म्हणजे गुणतक्त्यावरून ठरवावा, की अखेरच्या काही बाद सामन्यांतून?

सुरुवातीला केवळ बाद फेरी

रणजी स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. स्पर्धा पूर्णपणे बाद पद्धतीची होती. हरला तो बाहेर. स्पर्धेचा पहिला सामना ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रास आणि म्हैसूर या संघांमध्ये चेपॉकवर झाला. तो एकाच दिवसात आटोपला आणि म्हैसूरचा मोसम तेथेच संपला. आजच्या कर्नाटक संघाचा पूर्वज असलेल्या या संघाच्या वाट्याला त्या मोसमात एकच दिवस आला.

पूर्ण बाद पद्धतीतील हा दोष दूर करण्यासाठी १९५७-५८ पासून विभागवार साखळी सामने सुरू झाले. प्रत्येक विभागाचा विजेता बाद फेरीत जाऊ लागला. पुढे १९७०-७१ पासून विभागातील पहिल्या दोन संघांना आणि १९९२-९३ पासून पहिल्या तीन संघांना बाद फेरीत प्रवेश मिळाला. २००२-०३ मध्ये विभागवार रचना मोडीत निघाली आणि कामगिरीनुसार दोन श्रेणी करण्यात आल्या. रचना अनेकदा बदलली, पण विजेता बाद फेरीतूनच ठरतो ही गोष्ट कायम राहिली.

बाद फेरी म्हणजे नशिबाचा खेळ, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो सरसकट मान्य करता येत नाही. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे करंडक जिंकला, तोही बाद सामन्यांतूनच. संघ खरोखरच वरचढ असेल, तर बाद फेरीतही तो सहसा तरतो. प्रश्न उद्भवतो तो संघांमधील अंतर कमी असते तेव्हा.

गुणतक्ता पुरेसा का नाही?

इंग्लंडमधील काउंटी स्पर्धेला अंतिम सामना नसतो. १८९० पासून तेथील विजेता गुणांवरच ठरतो आणि त्याबद्दल फारशी तक्रार होत नाही. मग भारतात हे का होऊ शकत नाही?

याचे उत्तर संघांच्या संख्येत आहे. २०२४-२५ च्या मोसमात रणजी स्पर्धेत ३८ संघ होते. त्यांतील ३२ संघ एलिट श्रेणीत, प्रत्येकी आठ संघांच्या चार गटांत विभागलेले होते आणि उरलेले सहा संघ प्लेट श्रेणीत. एलिट श्रेणीतील प्रत्येक संघाच्या वाट्याला सात साखळी सामने आले. याचा अर्थ असा, की आपल्या श्रेणीतील अन्य ३१ संघांपैकी २४ संघांशी त्याची गाठ पडलीच नाही. एका गटातील पहिल्या क्रमांकाचे गुण आणि दुसऱ्या गटातील पहिल्या क्रमांकाचे गुण एका पारड्यात कसे घालायचे? एका गटात तीन बलाढ्य संघ असतील आणि दुसऱ्या गटात एकच, तर गुणांची तुलना फसवी ठरते.

हीच अडचण अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये आहे. (हा खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा, त्यात चेंडू प्रामुख्याने हातातच असतो.) तेथे शंभराहून अधिक विद्यापीठांचे संघ सर्वोच्च पातळीवर खेळतात आणि प्रत्येकाचे सामने जेमतेम डझनभर होतात. त्यामुळे राष्ट्रीय विजेता अनेक दशके चक्क पत्रकार आणि प्रशिक्षक यांच्या मतदानाने ठरत असे. १९९८ पासून मतदान आणि संगणकीय क्रमवारी यांची सांगड घालून पहिल्या दोन संघांत अंतिम सामना खेळवण्यात येऊ लागला. तरीही २००३ च्या मोसमाअखेर लुइझियाना स्टेट आणि सदर्न कॅलिफोर्निया असे दोन विजेते मानले गेले. पुढच्याच वर्षी ऑबर्नचा संघ अपराजित असूनही अंतिम सामन्यापासून वंचित राहिला. शेवटी २०१४ पासून चार संघांची आणि २०२४ पासून बारा संघांची बाद फेरी सुरू झाली.

त्यातून वाद मिटला असे म्हणता येणार नाही. बारा संघांच्या पहिल्याच बाद फेरीत नियमित मोसमात अपराजित राहिलेला ओरेगनचा संघ ओहायो स्टेटकडून पराभूत झाला. नियमित मोसमात दोन सामने गमावलेला ओहायो स्टेट जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. मात्र हा निकाल मैदानावर लागला, कोणाच्या मतपत्रिकेवर नव्हे, एवढे समाधान बहुतेकांना मिळाले.

तळाच्या संघांसाठी उघडलेले दार

बाद फेरीच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा भारतातच मिळतो. २००८-०९ पासून दुय्यम अशा प्लेट श्रेणीतील दोन संघांना उपान्त्यपूर्व फेरीचे दार उघडण्यात आले. दोनच वर्षांनी, २०१०-११ मध्ये, प्लेट श्रेणीतून आलेल्या राजस्थानने बडोद्याला मागे टाकून प्रथमच रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी चेन्नईत तामिळनाडूविरुद्ध त्याने तो राखलाही. केवळ गुणतक्ता असता, तर दुय्यम श्रेणीतील संघाला त्या वर्षी विजेता होण्याचा मार्गच नव्हता.

महाराष्ट्राचे उदाहरण तर मराठी वाचकांच्या जवळचे आहे. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये करंडक जिंकलेला हा संघ २०१३-१४ मध्ये तिसऱ्या, म्हणजे 'क' गटात होता. त्या गटातून वर येत त्याने वानखेडे मैदानावर मुंबईला हरवले आणि थेट अंतिम फेरी गाठली. हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने त्याला सात गडी राखून पराभूत केले, ही गोष्ट वेगळी.

विदर्भाच्या पहिल्या विजेतेपदाचाही येथे उल्लेख करावा लागेल. डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्यातील उपान्त्य सामन्यात कर्नाटकाने पहिल्या डावात ११६ धावांची आघाडी घेतली होती. सामना अनिर्णित राहिला असता तर कर्नाटकच अंतिम फेरीत गेले असते. मात्र रजनीश गुरबानीच्या माऱ्यापुढे १९८ धावांचा पाठलाग करताना कर्नाटकाचा डाव १९२ धावांत संपला आणि विदर्भाने पाच धावांनी बाजी मारली. त्यानंतर इंदूरमध्ये दिल्लीला नमवून विदर्भाने पहिला रणजी करंडक नागपूरला नेला.

खरे दुखणे पहिल्या डावाच्या आघाडीचे

या सर्व उदाहरणांवरून बाद फेरी असावी, असाच कौल निघतो. तथापि रणजी स्पर्धेचे खरे दुखणे बाद फेरी असण्यात नाही. बाद सामना अनिर्णित राहिला तर काय करायचे, यात ते आहे. फुटबॉलमध्ये जादा वेळ असतो, पेनल्टी असतात. क्रिकेटच्या पाच दिवसांच्या सामन्यात तसे काही नाही. तेथे पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो.

हा नियम साखळीत चालून जातो. तेथे निर्णायक विजयाला सहा गुण आणि अनिर्णित सामन्यातील पहिल्या डावाच्या आघाडीला तीन गुण मिळतात. म्हणजे आघाडीची किंमत विजयाच्या निम्मी. बाद फेरीत मात्र तीच आघाडी पूर्ण विजयाच्या बरोबरीची होते.

२०२४-२५ च्या मोसमाने याचे टोकाचे दर्शन घडवले. पुण्याजवळील गहुंजे येथील उपान्त्यपूर्व सामन्यात जम्मू आणि काश्मीरने पहिल्या डावात २८० धावा केल्या. केरळची अवस्था ९ बाद २०० होती. सलमान निझार आणि बासिल थम्पी यांनी शेवटच्या गड्यासाठी ८१ धावा जोडल्या आणि केरळचा डाव २८१ वर संपला. सामना अनिर्णित राहिला आणि एका धावेच्या आघाडीवर केरळ उपान्त्य फेरीत पोहोचले. याच जम्मू आणि काश्मीरने काही दिवसांपूर्वी मुंबईला मुंबईत येऊन हरवले होते.

अहमदाबादच्या उपान्त्य सामन्यात केरळने ४५७ धावा केल्या. गुजरातला आघाडीसाठी तीन धावा हव्या असताना अखेरच्या फलंदाजाने मारलेला चेंडू जवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उंच उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. गुजरातचा डाव ४५५ वर आटोपला. दोन धावांची ही आघाडी केरळला प्रथमच अंतिम फेरीत घेऊन गेली. केरळने जिद्दीने खेळ केला यात शंका नाही. पण लागोपाठ दोन बाद सामने एकही निर्णायक विजय न मिळवता, एकूण तीन धावांच्या आघाडीवर पार व्हावेत, हे नियमाला शोभणारे नाही.

नागपूरचा अंतिम सामनाही अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. हा संघ मोसमभर अपराजित होता. त्यामुळे निकाल अन्यायकारक ठरला नाही, एवढेच.

या नियमाचा आणखी एक परिणाम होतो. आघाडी मिळाली, की पुढे सामना जिंकण्याची गरजच उरत नाही. मार्च २०२२ मध्ये कोलकात्यात झारखंडने नागालँडविरुद्ध ८८० धावा केल्या, नागालँडला २८९ धावांत गुंडाळले आणि तरीही पुन्हा फलंदाजी करत आघाडी १,००८ धावांपर्यंत वाढवली. सामना अनिर्णित सुटला आणि झारखंड पुढच्या फेरीत गेले. यात नियमभंग काहीच नव्हता. प्रेक्षकांनी मात्र हे का पाहावे, याचे उत्तर देणे कठीण आहे.

मधला मार्ग

ऑस्ट्रेलियातील शेफील्ड शील्ड स्पर्धेत १९८२-८३ पासून अंतिम सामना सुरू झाला. तेथे अनेक वर्षे असा नियम होता, की गुणतक्त्यात पहिला आलेला संघ अंतिम सामना आपल्या मैदानावर खेळेल आणि सामना अनिर्णित राहिल्यास तोच विजेता ठरेल. मोसमभराच्या कामगिरीला त्यातून मोल मिळते आणि आव्हानवीराला जिंकण्यासाठीच खेळावे लागते. यजमान संघ केवळ सामना वाचवण्यासाठी खेळतो, अशी टीका त्यावर झाली आणि तीत तथ्य आहे. तरीही एका धावेच्या आघाडीपेक्षा सात सामन्यांची मिळकत हा अधिक न्याय्य निकष वाटतो.

भारतीय फुटबॉलने दुसरा तोडगा काढला आहे. इंडियन सुपर लीगमध्ये २०१९-२० पासून साखळीत अव्वल येणाऱ्या संघाला स्वतंत्र ढाल देण्यात येऊ लागली. त्या वर्षी एफसी गोवा साखळीत पहिला आला, पण उपान्त्य फेरीत चेन्नईयिनकडून पराभूत झाला. मडगावच्या फातोर्डा मैदानावर प्रेक्षकांविना झालेल्या अंतिम सामन्यात एटीकेने करंडक जिंकला. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळण्याचा मान मात्र गोव्याला मिळाला.

रणजी स्पर्धेत चार गट असल्याने एकच साखळी विजेता निवडणे अवघड आहे. परंतु बाद सामना अनिर्णित राहिल्यास आपापल्या गटातील स्थान आणि निर्णायक विजयांची संख्या पाहून पुढे जाणारा संघ ठरवणे अशक्य नाही. दुसरा उपाय वेळ वाढवण्याचा आहे. १९४८-४९ मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील सामना सात दिवस चालला, त्यात २,३७६ धावा झाल्या आणि मुंबईने तो ३५४ धावांनी जिंकला. २०२१ मध्ये साउथॅम्प्टनच्या जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याचा निकालही राखीव सहाव्या दिवशीच लागला होता.

सात दिवसांचे सामने आता कोणी मागणार नाही. पण किमान अंतिम सामन्याला एक जादा दिवस देण्यास वेळापत्रकात जागा नाही, हे कारण तपासून पाहावे असे आहे. २०२५ मध्ये नागपूरचा अंतिम सामना २ मार्च रोजी संपला. आयपीएलचा पहिला सामना २२ मार्चला होता.