समजून घ्या : टेस्टिंगचा मेसेज खऱ्या शेतकऱ्याला जाऊ नये म्हणून... ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ म्हणजे काय?

समजा, यवतमाळच्या इंजिनीअरिंग विद्यार्थ्यांनी कापसाचा रोजचा भाव एसएमएसने कळवणारे ॲप जावास्क्रिप्टमध्ये बनवले. टेस्टिंगसाठी कुणीतरी मनानेच चढा भाव टाकला आणि तो मेसेज खरोखरच वणी, पांढरकवड्यातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर गेला. भाव खरा समजून कुणी गाडी भरून बाजार समितीत आणली, तर त्या भाड्याचे काय?

भाव टाकणाऱ्यापेक्षा इथे कोडची रचना जास्त चुकली आहे. भाव कळवणारा क्लास एसएमएस सेवा स्वतःच ‘न्यू’ लिहून तयार करतो. त्यामुळे टेस्टिंगमध्येही खरी सेवाच चालते. डिपेंडन्सी इंजेक्शनमध्ये क्लासला लागणारी गोष्ट कन्स्ट्रक्टरमधून बाहेरून दिली जाते. प्रत्यक्ष वापरात खरी सेवा द्यायची, टेस्टिंगमध्ये मेसेज फक्त स्क्रीनवर दाखवणारी नकली. मूळ क्लासची एकही ओळ बदलावी लागत नाही. हे नाव रूढ झाले ते मार्टिन फाउलर यांच्या २००४ मधील लेखामुळे.

सुरुवात कशी कराल?

साध्या जावास्क्रिप्टसाठी ‘अविलिक्स’ ही लायब्ररी सोपी पडते. नोडजेएस असलेल्या प्रोजेक्टमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल अविलिक्स’ ही कमांड द्या. ‘क्रिएटकंटेनर’ने कंटेनर बनवा, त्यात ‘ॲजक्लास’ वापरून प्रत्येक क्लास एका नावाने रजिस्टर करा. मग ‘रिझॉल्व्ह’ला नाव सांगितले, की कंटेनर सगळी जोडणी करून तयार ऑब्जेक्ट देतो. टेस्टिंगमध्ये त्याच नावाखाली नकली क्लास रजिस्टर करायचा.

नवशिक्यांची एक चूक मात्र हमखास होते. डीफॉल्ट सेटिंगमध्ये प्रत्येक मागणीला नवा ऑब्जेक्ट तयार होतो. डेटाबेस कनेक्शन सांभाळणाऱ्या क्लासला ‘सिंगलटन’ लावले नाही, तर कनेक्शनवर कनेक्शन उघडत जातात.

दुसरी अडचण जुनी आहे. २०१० मध्ये आलेले गुगलचे अँग्युलरजेएस फंक्शनच्या पॅरामीटरची नावे वाचून काय द्यायचे ते ठरवायचे. फाइल लहान करताना मिनिफायर त्या नावांचे ‘ए’, ‘बी’ करून टाकायचा आणि लॅपटॉपवर चालणारे ॲप सर्व्हरवर बंद पडायचे. अविलिक्सचा ‘क्लासिक’ मोडही नावेच वाचतो, म्हणून डीफॉल्ट ‘प्रॉक्सी’ मोड बदलू नका.

तीन-चार फाइलींच्या कॉलेज प्रोजेक्टला मात्र यातले काहीच इन्स्टॉल करायची गरज नाही. एसएमएस सेवा कन्स्ट्रक्टरमधून हाताने दिली तरी वणीचा मेसेज थांबतो. अँग्युलर किंवा नेस्टजेएस वापरत असाल, तर ही सोय त्यात आधीच आहे.