जुन्या वेगवान गाडीचा ट्रॅकवरचा दिवस : आधी ब्रेक, मग इंजिन

आत येता येता दारातच दोघांनी एकच प्रश्न विचारला : जुन्या गाडीवर किती पैसे घातले की किती हॉर्सपॉवर वाढते? उत्तर देऊ, पण जरा उशिरा. कारण हा प्रश्न घेऊनच आम्हीही या छंदात शिरलो होतो, आणि ट्रॅकवर गेल्यावर कळलं की आपण भलत्याच टोकाकडून सुरुवात केली होती.

बोलायला एक गाडी समोर ठेवू. २००० साली भारतात आलेली होंडा सिटी १.५ व्हीटेक. १९९८ ची मूळ सिटी, तिच्यातच हे इंजिन बसवलं. १०६ बीएचपी, आणि गाडीचं वजन साधारण एक टन. आजच्या मुलांना हे आकडे किरकोळ वाटतील, पण तेव्हा रस्त्यावरची नेहमीची गाडी म्हणजे मारुती ८००, आणि तिची ताकद चाळिशीच्या आतबाहेर. २००३ मध्ये नवी सिटी आली ती ७७ बीएचपीचं, मायलेज देणारं इंजिन घेऊन. घरच्यांना ती आवडली, गाडीवेडे खट्टू झाले. म्हणून जुनी व्हीटेक आजही लोक जपून ठेवतात.

व्हीटेक म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनाचे व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. गर्दीत रांगायला छोटा उंचवटा बरा, आणि इंजिन जोरात फिरायला लागलं की मोठा हवा. होंडाने एकाच शाफ्टवर दोन्ही ठेवले. ठरावीक आरपीएमच्या वर ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर एकमेकांना जोडले जातात आणि व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्यावर चालायला लागतात. पहिल्यांदा हे १९८९ च्या इंटेग्रामध्ये आलं. आपल्या सिटीत ते फक्त हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपुरतं आहे. यात एक गोष्ट लक्षात ठेवा : ही सगळी करामत ऑइलच्या दाबावर चालते. ऑइल कमी असलेल्या किंवा काळ्या चिखलासारख्या ऑइलवर चालणाऱ्या गाडीत व्हीटेक नीट लागतच नाही, आणि मालक म्हणतो, इंजिन थकलं.

आता शो आणि मेळावे. रविवारी पहाटे हायवेवरच्या एखाद्या फूड मॉलपाशी तीस-चाळीस गाड्या लागतात, बॉनेट उघडली जातात, फोटो होतात. काही जण त्याला नाकं मुरडतात, आम्ही नाही मुरडत. बंद झालेल्या मॉडेलचं दाराचं रबर कुठे मिळेल, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कोणत्या दुकानात विचारायचं, व्हॉल्व्ह सेटिंग हातानं नीट करणारा फिटर कोण, हे सगळं ज्ञान तिथंच मिळतं. फक्त एवढंच की शोमध्ये गाडी उभी असते आणि इंजिन बंद असतं. जे दिसतं त्याला दाद मिळते : जमिनीला टेकलेली गाडी, मोठे अलॉय, चकचकीत पाइप. तुम्ही ब्रेक ऑइल कधी बदललंत हे तिथं कुणी विचारत नाही.

ट्रॅकवर पहिला प्रश्न तोच असतो.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी सांगायला हवं. आपली गाडी घेऊन सर्किटवर जायचं, पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, सकाळी झेंड्यांची माहिती ऐकायची आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांमध्ये गाडी चालवायची. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे पाळी थांबली, हळू परत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, तिला वाट द्या. ओव्हरटेक बहुधा सरळ रस्त्यावरच, आणि पुढच्याने खूण केल्यावर. भारतात मोठी सर्किट म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं, ३.७ किलोमीटरचं, कोइमतूरचं करी मोटर स्पीडवे, साधारण २.१ किलोमीटरचं, आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, पाच किलोमीटरहून थोडं मोठं, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. पुण्याहून चेन्नई म्हणजे सुमारे बाराशे किलोमीटर. ट्रॅकवर जायचं तर आधी गाडी तिथवर धड पोचली पाहिजे.

आता मुद्द्यावर येऊ. सिटी आणि आत बसलेला माणूस मिळून ११०० किलो धरा. ताशी १४० वरून वळणासाठी ६० वर आणायचं आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलोच आहोत. आकडेमोड केली तर या एका ब्रेकिंगमध्ये सुमारे ६८० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्यात दोन लिटरपेक्षा जास्त पाणी २५ अंशांवरून उकळीला येतं. म्हणजे सभागृहातल्या पहिल्या दोन रांगांना पुरेल इतक्या चहाचं आधण, तेही चार-पाच सेकंदांत. यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. प्रत्येक डिस्क पाच किलोची धरली तर एका ब्रेकिंगला तिचं तापमान शंभरेक अंशांनी चढतं. मग सरळ रस्त्यावर वारा लागून ती थोडी निवते, पण पूर्ण निवायच्या आत पुढचं वळण येतं. फेरीला असे चार ब्रेक, पाळीला आठ फेऱ्या. बत्तीस आधणं!

घाट उतरल्यावर पायथ्याशी गाड्यांना करपल्यासारखा वास येतो, तो आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथं निदान इंजिन ब्रेकिंग करता येतं, हळू जाता येतं. ट्रॅकवर तर आपण मुद्दाम जोरात जायला गेलेलो असतो.

आमचंच सांगतो. आमची सिटी पहिल्यांदा चेन्नईला नेली तेव्हा तिला नवा हेडर, नवा सायलेन्सर, नवा एअर फिल्टर होता. आवाज असा की पार्किंगमधले लोक वळून बघायचे. दोन पाळ्या छान गेल्या. तिसरीत, चौथ्या फेरीला, एका वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं थेट खाली गेलं. दोनदा भराभर पंप केल्यावर थोडा ब्रेक लागला, गिअर खाली टाकला, आणि गाडी वळण सोडून कडेच्या मातीत गेली. कुणाला लागलं नाही. बंपर फुटला, आणि आमच्यापायी पिवळा झेंडा लागून बाकीच्यांची पाळी वाया गेली ती वेगळीच. परत येऊन सर्व्हिसची बिलं काढली. ब्रेक ऑइल बदलून तीन वर्षं झाली होती. सायलेन्सरवर घातलेल्या पैशांच्या मानाने ब्रेक ऑइलची बाटली म्हणजे चिल्लर. यात दोष गाडीचाही नाही आणि मेकॅनिकचाही नाही, आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं.

झालं काय होतं? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. होज आणि सील यांच्यातून ओलावा हळूहळू आत जातच असतो, आणि मुंबई-कोकणाची हवा तुम्हाला सांगायला नको. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चं नवं असताना २३०, ओलं झाल्यावर १५५. डॉट ५.१ चं २६० आणि १८०. कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते, म्हणून तो जोर बुडबुडे चेपण्यातच जातो. गंमत म्हणजे गाडी निवली की पेडल पुन्हा बऱ्यापैकी घट्ट लागतं, आणि माणूस म्हणतो, काही नव्हतं, चला परत. तसं करू नका. ऑइल बदलून, हवा काढून मगच पुन्हा आत जा.

इथे एक फरक ओळखायला शिकलं पाहिजे. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घसरायला लागलेत. पहिल्याला नवं ऑइल, दुसऱ्याला जास्त तापमान सोसणारे पॅड. काही जण पॅडचा त्रास असताना ऑइल बदलतात, आणि पुढच्या पाळीत पुन्हा तिथेच येतात. असे पक्के रेसिंग पॅड मात्र थंड असताना नीट धरत नाहीत, सकाळी दूध आणायला जाताना ते धोक्याचेच. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींना चालणारा मधला पॅड बघावा.

वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत यापुढचं बहुतेक काम म्हणजे मॉडिफिकेशन नव्हे, तिला पुन्हा कंपनीतून आली तशी करणं. रबरी ब्रेक होज फुगतात, ते बदला. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षारांनी भरतात. शहरात काटा मध्यावर राहतो आणि ट्रॅकवर पाच मिनिटांत चढतो. सस्पेन्शनचे बुश चिरलेले असतील तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे माहीत नसेल तर आधी तो बदला, कारण तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिनच उघडावं लागू शकतं. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं हवं. लांब वळणात ते चेंबरमध्ये एका कडेला जातं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंग कोरडी पडतात. आणि टायर! बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. जाळी कितीही शिल्लक असो, असा टायर ट्रॅकवर नेऊ नका.

स्प्रिंग कापून गाडी बसवण्याची फॅशन अजून गेलेली नाही. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, इथवर ठीक. पण शॉकअप जुनेच, चाकाला वर जायला जागाच उरत नाही, आणि वळणात खड्डा आला की चाक थेट बंप स्टॉपवर आपटतं. त्या क्षणी पकड जाते. फोटोत मात्र गाडी छान दिसते.

आता तो दारातला प्रश्न. हेडर, फिल्टर, सायलेन्सर एवढ्यावर अशा इंजिनाला मोजके बीएचपी मिळतात, तेही वरच्या आरपीएमला. कंपनीने एक लिटरमागे सत्तर बीएचपी आधीच काढलेले आहेत, सहज काढण्यासारखं फार उरलेलं नाही. उलट थकलेल्या गाडीत व्हॉल्व्ह क्लिअरन्स, प्लग, कॉम्प्रेशन, इग्निशन टायमिंग नीट केलं तर हरवलेली ताकद परत येते, आणि तिला पैसे कमी पडतात.

कायद्याचंही बोलू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकातल्या कंपनीच्या नोंदींपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आली. ब्रेक ऑइल, पॅड, होज, त्याच मापाचे टायर ही देखभाल झाली. त्याने आरसीतली नोंद बदलत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्याने करायला गाडी आरटीओत उभी करावी लागते, तेव्हा स्वॅप केलेलं इंजिन नंबरावरून लगेच ओळखू येतं. विम्याचं तर त्याहून कडक. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळल्याचं लिहिलेलं असतं. ट्रॅक डे त्यात मोडतो की नाही, यावर कंपनीशी भांडत बसण्यापेक्षा तिथं विमा नाही असं धरूनच जावं. भिंतीला गाडी लावली तर खर्च आपला. जी गाडी गमावणं परवडणार नाही, ती नेऊ नका.

मागून एक प्रश्न आलाय, ताईंचा : "मागे ड्रम ब्रेक आहेत, डिस्क बसवून घ्यावेत का?" नको, निदान आधी नको. मागच्या चाकांवर भार थोडाच येतो, आणि मागे ब्रेक जास्त धरायला लागला तर वळणाआधी मागचं टोक पुढे यायला बघतं. ड्रम उघडा, व्हील सिलिंडर पाझरतोय का बघा, लायनर किती उरलेत ते बघा आणि बंद करा. आणि पाळी संपताना शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता, हळू मारा, म्हणजे डिस्क वाऱ्यावर निवतील. पार्किंगमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ड्रमला लायनर चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावायचा. आमच्या डिकीत तो कायम असतो.